अकरा मिनिटं पुढे

एझ्राकाका खांबकरांना कुणी ‘किती वाजले’ असं विचारलं की ते कधी सरळ उत्तर द्यायचे नाहीत. चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, “कुठल्या घड्याळात?” रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते टाइमकीपर होते. म्हणजे वेळ सांगायचा पगार घ्यायचा आणि वेळ विचारल्यावर उलटा प्रश्न करायचा, हे मला पहिल्याच दिवशी फार चमत्कारिक वाटलं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. तिसऱ्यांदा विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. तेव्हा त्यांना ‘कुठली कुठली घड्याळं आहेत?’ एवढं जरी विचारलं असतं तरी पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण मी चोवीस वर्षांची होते, हातात इंजिनिअरिंगची कोरी डिग्री होती, आणि शंका विचारणं हे कमी शिकलेल्या माणसांचं काम आहे अशी माझी समजूत होती.

मी पेणची. आमचा घरचा गणपतीचा कारखाना. आमच्याकडे वर्षाला एकच वेळ पाळतात, ती चतुर्थीची. बाकी वर्षभर भिंतीवरचं घड्याळ चाललं काय आणि बंद पडलं काय, रंगाचे हात कुणी त्याला लावत नाही. अशा घरातून मी रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जाऊन कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळू लागले. सहा महिने प्रोबेशन होतं. नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर पुन्हा घरी उंदीर रंगवायचे होते. उंदीर मला कधीच जमले नाहीत. वडील म्हणायचे, हिचे उंदीर मांजरासारखे दिसतात.

कंपनीच्या गेटाला लागून टाइम ऑफिस होतं. आत ज्वालाग्राही माल, म्हणून मोबाइल न्यायला बंदी. येताना प्रत्येकाने आपला मोबाइल काकांच्या खिडकीत द्यायचा, ते मागच्या लाकडी खणांत नावानिशी ठेवायचे, जाताना परत द्यायचे. खिडकीवर भिंतीचं मोठं घड्याळ. काकांच्या टेबलावर एक जाडजूड वही. अंगाने किडकिडीत, भुवया मात्र दाट आणि पांढऱ्या, आणि मनगटावर किल्लीचं घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून बांधलेलं. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून ते किल्ली द्यायचे. त्या घड्याळात डोकावायची सोय नव्हती. ते त्यांचं खासगी होतं.

राहायला ते नदीपलीकडे, अष्टमीत. मूळ गाव खांब, घराणं कोकणातल्या बेने इस्रायलांचं, म्हणजे ज्यूंचं. आजोबांचा तिथे तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा. काकांनीही कंपनीत लागताना एकच अट घातली होती, की शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत मला घरी सोडा आणि शनिवारी बोलावू नका, बदल्यात रविवारची ड्यूटी कायम माझी. एकतीस वर्षं ती अट दोन्ही बाजूंनी पाळली गेली. भाऊबंद, सोयरे सगळे केव्हाच इस्रायलला गेलेले. काकी वारल्या. लेक तिकडेच होती आणि आता रिटायर झाल्यावर काकाही तिच्याकडे जाणार होते. शुक्रवारचा दिवा लावणारी अष्टमीत दोनच घरं उरलीत, असं ते एकदा म्हणाले होते. त्यात एक त्यांचं.

त्यांच्या वहीबद्दल सांगितलंच पाहिजे. तिच्यात सगळं असायचं. टँकर किती वाजता आला, लाईट कधी गेली, कधी आली, भोंगा कधी वाजला, गेटापाशी धामण निघाली तर ती कुठल्या बाजूला गेली. निळी शाई, एकसारखं अक्षर. खाडाखोड नाही, पांढरा रंग फासलेला नाही. चुकलंच तर त्यावर एक सरळ रेघ आणि बाजूला सही. मी एकदा म्हटलं, काका, नवं पान घ्यायचं की. तर म्हणाले, “चूक लपवायची नाय गो. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे, आणि बाजूला सही करायची. मंग ती चूक नाय राहत, नोंद होते.” मी ‘हो हो’ म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना ‘हो हो’ म्हणण्यात मी तरबेज होते.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. टाइम ऑफिसच्या मागे एक खोली होती, मधे काचेची खिडकी, आणि त्या खोलीत कंपनीचा मेल सर्व्हर. कंपनीतला प्रत्येक मेल त्याच्यातून जायचा आणि तो प्रत्येकावर तारीख-वेळ मारायचा, पोस्टातल्या शिक्क्यासारखी. वर आणखी, बाकीचे सगळे कॉम्प्युटर आपली वेळ त्याला विचारूनच लावायचे. इतका अधिकार असलेलं ते यंत्र इतकं जुनं होतं, की मुळात पांढरं असलेलं त्याचं खोकं पिवळं पडलं होतं आणि त्याचा पंखा पिठाच्या गिरणीच्या सुरात बोलायचा. मी लागल्यावर चौथ्या महिन्यात त्याला वेड लागलं. लाईट जाऊन आली की ते एकदम पंधरा-वीस वर्षं मागच्या तारखेला जायचं. मग आज आलेला मेल यादीत सर्वांत खाली, जुन्यापुराण्या तारखेखाली जाऊन बसायचा, आणि लोक मला फोन करायचे की मेल आलाच नाही.

मी चार दिवस त्याच्याशी झुंजले. व्हायरस शोधला. जगातले सगळे टाइम झोन लावून पाहिले. एक दुपारभर अख्खी कंपनी कुठल्यातरी महासागरातल्या बेटाच्या वेळेवर चालत होती. सर्व्हर पुरवणाऱ्या लोकांना कडक भाषेत मेल लिहिला. तो गेला त्याच सर्व्हरवरून, त्याच जुन्या तारखेने, आणि तिकडेही यादीच्या तळाला जाऊन बसला. उत्तर कशाला येतंय? काका खिडकीतून हे सगळं बघायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, “सेल संपला असंल गो त्याचा.” मी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की काका, हे भिंतीवरचं घड्याळ नव्हे, हा सर्व्हर आहे, याचं सगळं सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी ‘बरं’ म्हणाले.

पाचव्या दिवशी हरून खोकं उघडलं. आत शर्टाच्या बटणाएवढा एक सेल होता आणि तो ठार मेला होता. लाईट नसताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. आता असा सेल रोह्यात कुठे मिळेल, म्हणून मी तोंड बारीक करून खिडकीशी गेले. काकांनी ड्रॉवर उघडला आणि नवा कोरा सेल काढून माझ्या हातावर ठेवला. आधीच्या इंजिनिअरने पूर्वी कधीतरी बदलला होता तेव्हा काकांनी वहीत त्याचा नंबर लिहून ठेवला होता. तो बघून अष्टमीतल्या घड्याळजीकडून तिसऱ्याच दिवशी आणून ठेवला होता. मग द्यायचा नाही का मला, असं मी जरा घुश्शातच विचारलं. ते म्हणाले, तू मागितला नाहीस.

सेल बसला. सर्व्हरने नम्रपणे वेळ विचारली. बाहेरून आपोआप वेळ घ्यायची सोय त्या जुन्या यंत्रात होती, पण चार दिवसांच्या झटापटीत मीच ती मोडून ठेवली होती. मोबाइल खणात. मनगटी घड्याळ मी बांधत नव्हते. मोबाइल असताना घड्याळ कोण बांधतं? काका बाहेर टँकरपाशी होते, आणि असते तरी ‘कुठल्या घड्याळात’ म्हणून विचारलं असतं, त्यापेक्षा नकोच. मी काचेतून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वीस होत आले होते. अचूक काम म्हणजे अचूक काम, म्हणून मी सेकंदकाट्यावर डोळे रोखून बसले, तो बारावर आला आणि मी बटण दाबलं. सेकंदाचाही फरक ठेवला नाही. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की स्टेशनवर वडापाव खाल्ला, एकटीने दोन.

भिंतीवरचं ते घड्याळ अकरा मिनिटं पुढे असायचं. मुद्दाम. काकांनीच वर्षानुवर्षं तसं ठेवलेलं. शिफ्ट सुटल्यावर कामगार गप्पा मारत रेंगाळायचे आणि पेणकडची गाडी चुकवायचे, म्हणून. हे सगळ्यांना माहीत होतं. कामगारांना, कँटीनवाल्याला, टँकरच्या ड्रायव्हरांना. मला माहीत नव्हतं, कारण मला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी सांगितलं नाही कारण जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती सांगतं कोण? आणि सांगायला हवंच होतं असंही नाही. मी रोज त्या घड्याळात साडेपाच वाजता निघायचे, गेटाबाहेर रिक्षात बसायचे, स्टेशनवर उतरून मोबाइल बघायचे, तर पाच चौतीस. चार महिने मी रोह्याच्या रिक्षावाल्यांचं कौतुक करत होते. घरी सांगायचे, काय चालवतात, चार मिनिटांत स्टेशन. डिग्रीवाली बाई!

सर्व्हर अकरा मिनिटं पुढे गेला, त्याच्यामागोमाग कंपनीतले सगळे कॉम्प्युटर अकरा मिनिटं पुढे गेले, आणि कुणालाही काही वावगं वाटलं नाही. ज्यांच्या मनगटावर घड्याळ होतं ते म्हणाले, चला, कॉम्प्युटरही आता कंपनीच्या टाइमवर आले. दोघांनी येऊन माझं अभिनंदन केलं. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून आलेले मेल अकरा मिनिटं उशिरा पोचल्यासारखे दिसायचे, तेव्हा मी मुंबईच्या नेटवर्कला नावं ठेवायचे.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी प्लांटमध्ये एका व्हॉल्व्हमधून वाफ सुटली. असं झालं की प्लांटमधून टाइम ऑफिसला फोन करायचा, टाइमकीपरने भोंगा वाजवायचा आणि लगेच कॉम्प्युटरवरून सगळ्या खात्यांना आणि मुंबईला तयार असलेला मेल सोडायचा, पाच मिनिटांच्या आत, असा नियम. प्लांटमधल्या पॅनेलवर, ज्याचं घड्याळ वेगळं आणि बरोबर होतं, फोनची वेळ अकरा तेरा. काकांच्या वहीत भोंगा आणि मेल, दोन्ही अकरा पंधरा. आणि मेलवर सर्व्हरचा शिक्का अकरा सव्वीस. एका कामगाराच्या छातीत वाफ गेली होती, तो दोन दिवस दवाखान्यात राहिला आणि बरा होऊन आला. पण कुणाचं तरी चुकलंय हे ठरवायला मुंबईहून एक चौकशी अधिकारी आले.

त्यांच्यासमोर तीन कागद होते आणि तिन्हीत एकच उत्तर दिसत होतं. फोन आल्यावर टाइमकीपर तेरा मिनिटं बसून राहिला, आणि नंतर अंगाशी येऊ नये म्हणून वहीत खोटी वेळ लिहिली. भोंगा लगेच वाजला होता असं कामगार सांगत होते, पण तेव्हा घड्याळ कुणी बघितलं नव्हतं. साहेबांनी वहीतल्या त्या नोंदीभोवती लाल पेनाने गोल केला. एकतीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही वहीवर दुसऱ्या कुणाची शाई पडली नव्हती. काकांच्या रिटायरमेंटला दोन महिने राहिले होते, आणि जाताना त्यांच्या नावावर ‘खोटी नोंद’ असा शेरा लागणार होता.

साहेबांनी मला बोलावून विचारलं, सर्व्हरची वेळ खात्रीची आहे का. माझ्या आयुष्यात प्रथमच मुंबईचा कुणी मोठा माणूस मला काहीतरी विचारत होता. मी नुसतं ‘हो’ म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. मी जाऊन रंगीत प्रिंट काढली, अकरा सव्वीसवर पिवळी रेघ ओढली, आणि कुणी मागितलं नसताना एक दाखला टाइप केला: ‘सदर सर्व्हरची वेळ अचूक असून तीत कोणतीही त्रुटी नाही.’ खाली सही, पूर्ण नाव, आणि नावापुढे डिग्री.

तो कागद साहेबांनी काकांच्या पुढे सरकवला. काकांनी चष्मा पुसून तो वाचला. मग माझ्याकडे बघून, साहेब समोर नसल्यासारखं, हळू आवाजात विचारलं, “सुजाता, टाइम कुठलं घड्याळ बघून लावलास गो?”

खरं सांगायचं तर मला तेव्हा काकांची कीव आली होती. म्हाताऱ्या माणसाची चूक झाली आहे आणि आता ते इकडेतिकडे हात मारताहेत, असं वाटलं. आणि भिंतीकडे बघून लावला हे साहेबांपुढे सांगायची लाजही वाटली. इतका मोठा सर्व्हर आणि भिंतीवरचं घड्याळ? मी म्हटलं, “काका, सर्व्हरला घड्याळ बघून टाइम लावत नाहीत.”

काकांनी तो कागद साहेबांकडे परत सरकवला. मग ‘बरं’ म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. साहेबांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. काकांचं प्रत्येकाला उत्तर एकच, की नोंद खरी आहे, मी लिहिली आहे. साहेब म्हणाले, अहवाल उद्या पुरा करतो.

संध्याकाळी मी रिक्षात बसले. मन जरा जड होतं, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून रिक्षावाल्याला म्हटलं, तुम्ही लोक कमाल करता, चार मिनिटांत स्टेशनला पोचवता. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “चार कुठली मॅडम, पंधरा लागतात. गेटावरचं घड्याळ बघून निघालात ना? ते अकरा मिनिटं पुढं हाय. खांबकरकाकांचं घड्याळ, अख्ख्या रोह्याला ठाऊक हाय.”

सव्वीसातून अकरा वजा करायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. स्टेशन येईपर्यंत मी ते सात-आठ वेळा केलं आणि दर वेळी पंधराच आले. अशा वेळी चांगल्या माणसाने काय केलं असतं? रिक्षा उलटी फिरवली असती. मी गाडी पकडली आणि पेणला गेले. घरी वडील मूर्तीचे डोळे आखत होते. हात जरा जरी चुकला तरी मूर्तीची नजर बिघडते, म्हणून त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मी त्यांच्यापुढे बसून राहिले आणि मनात प्रोबेशनचे उरलेले दिवस मोजले. पुढच्या आयुष्यात रंगवायचे उंदीरही मोजले.

सकाळी मी मॅनेजरकडे न जाता काकांच्या खिडकीशी गेले. का, तेही सांगून टाकते. मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ दे पोरी, तुझी नवी नोकरी आहे, मी काय, चाललोच आहे. तसं त्यांनी म्हणावं अशी माझी इच्छा होती. म्हटलं, काका, मी टाइम भिंतीवरचं घड्याळ बघून लावला होता.

“मला कालच कळलं,” काका म्हणाले. “कागद बघितला तवाच. एवढी वजाबाकी मला येते गो.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी माझा मोबाइल घेतला, खणात ठेवला, वहीत खूण केली, आणि मग बोलले. “माझी नोंद खोटी म्हणाले तवा मला काय झालं ते मला म्हाईत. तुझी सही खोटी हाय असं मीच कसं सांगू? ज्याची सही त्यानं सांगायचं. तुला विचारून बघितलं. तू नाय म्हणालीस.” मग भिंतीकडे बोट करून, “आणि घड्याळ मी पुढं केलेलं. अर्धी चूक माझी हाय, ती मी सांगतो. अर्धी तुझी हाय.”

‘जाऊ दे पोरी’ काही ते म्हणाले नाहीत. मला रडू आलं आणि रागही आला, तोही स्वतःचाच. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. साहेब तिथेच अहवालावर बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं, की सर्व्हर अकरा मिनिटं पुढे आहे, दाखला चुकीचा आहे, चूक माझी आहे. आणि पुरावा म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, साहेब, तुमच्या मनगटावरचं घड्याळ बघा आणि समोरचा कॉम्प्युटर बघा.

साहेबांनी मनगट पुढे केलं. नऊ पन्नास. कॉम्प्युटरवर नऊ पन्नास. मिनिटाचाही फरक नाही. साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. मला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं. तेवढ्यात दारातून काकांचा आवाज आला. ते माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी विचारलं, “साहेब, हे घड्याळ हितं आल्यावर लावलंत काय?” साहेब म्हणाले, अर्थात, परवा आलो तेव्हा बघितलं तर अकरा मिनिटं मागे पडलं होतं, कंपनीच्या कॉम्प्युटरवर बघून बरोबर केलं. बोलता बोलताच त्यांनी ते घड्याळ मनगटावरून सोडून हातात घेतलं.

मग आम्ही सगळे टाइम ऑफिसात गेलो. काकांनी खणांतले मोबाइल एकेक करून काढले आणि खिडकीच्या फळीवर ओळीने मांडले. साहेबांचा, मॅनेजरांचा, कँटीनवाल्याचा, माझा, चाळीसेक तरी असतील. एकेकाचं बटण दाबत गेले. सगळ्यांवर नऊ त्रेचाळीस. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं मनगट उलटं करून किल्लीचं घड्याळ सगळ्यांना दाखवलं. नऊ त्रेचाळीस. वर भिंतीवर नऊ चौपन्न, आणि काचेपलीकडे पिवळ्या खोक्यावर, सेकंदाचाही फरक न ठेवता, नऊ चौपन्न. चाळीस मोबाइल एका बाजूला आणि माझी डिग्री दुसऱ्या बाजूला.

साहेबांनी अहवाल फाडला. काका म्हणाले, ते ठीक आहे, पण वहीत लाल गोल आहे. साहेबांना कळेना. काकांनी वही उघडून पुढे ठेवली आणि स्वतःचं पेन दिलं. साहेबांनी त्या लाल गोलावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली. मला काही सांगावं लागलं नाही. माझ्या दाखल्यावरही मी तशीच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही केली. या वेळी डिग्री लिहिली नाही. काकांनी तो कागद वहीतच टाचणी मारून ठेवला. अजून असेल तिथे.

माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं, आणि वाढलं म्हणजे नोकरी गेली नाही, एवढ्यावर मी देवाचे आभार मानले. साहेबांच्या हुकमाने भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावलं गेलं. दुसऱ्याच दिवशी पेणकडच्या नऊ जणांची गाडी चुकली. नवव्या क्रमांकावर मी होते. आठवड्याभरात मॅनेजर स्वतःच म्हणाले, ते पहिल्यासारखं करा, फक्त खाली तसा कागद लावा. तेव्हा मी काकांना विचारलं, अकराच का, दहा का नाहीत. म्हणाले, दहा असले की माणूस पटकन वजा करतो आणि रेंगाळतो. अकरा वजा करायला जड जातात, तोवर पाय चालायला लागलेले असतात. आणि मग ते वाक्य म्हणाले, जे मी पुढे प्रत्येक नव्या पोराला आणि पोरीला ऐकवत आले आहे: “घड्याळ चुकलेलं असलं तरी चालतं गो. किती चुकलंय ते ठाऊक पायजे.”

शेवटच्या दिवशी निरोप समारंभ चारला ठेवला होता. शुक्रवार होता. भाषणं लांबायला लागली तसं काकांनी मनगट उलटं करून पाहिलं, उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि दिवा लावायला निघून गेले. हार त्यांच्या खुर्चीवरच राहिला. माझ्यासाठी टेबलावर वही होती आणि तिच्या पुठ्ठ्याला आतून चिकटपट्टीने लावलेला एक नवा सेल.

तिकडे गेल्यावर लेकीने त्यांना स्वतः मेल लिहायला शिकवलं. दर शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्यांचा मेल यायचा, मराठीतून. गुडघे, नातू, तिथली भाजी. एकदा लिहिलं होतं, ‘इथे उन्हाळा आला की सरकारच सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे करतं. मी अकरा मिनिटं केली तर चौकशी.’ आणि शेवटी न चुकता एक ओळ: ‘सोडला एक चाळीसला, माझ्या घड्याळात. तुझ्या सर्व्हरवर कधी पोचला ते कळव.’ मी अडीच किंवा साडेतीन तास मिळवायचे, ताळा करायचे आणि कळवायचे. चार वर्षं मिनिटाचा फरक पडला नाही. तो सर्व्हर केव्हाच काढायचा होता, पण मी काहीतरी कारण काढून पुढे ढकलत होते.

मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी मेल आला नाही. मी म्हटलं, पुन्हा तेच झालं, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. लाईट दुपारी जाऊन आलीच होती. मी यादीच्या तळाशी जाऊन जुन्या तारखांमध्ये शोधलं. तिथे नव्हता. खोकं उघडलं, यंत्र चालू असतानाच वहीच्या पुठ्ठ्याचा सेल काढून आत घातला, मग मोबाइल बघायला खिडकीशी आले, आणि एका मोबाइलवर भागेना म्हणून खणांतले दहा-बारा काढून फळीवर मांडले. सर्व्हरच्या घड्याळाची चूक शोधण्यात इतकी वर्षं गेली माझी. ती सापडावी म्हणून मी त्या दिवशी जितकी धडपडले तितकी कधी धडपडले नव्हते.

घड्याळ अगदी बरोबर होतं.